एका ऋतूत पाहिलेली जागा

(दारव्हा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय एका साध्या प्रश्नातून आलेला आहे. आपल्या भागातली मुलं आता पुण्याहून, बंगळूरहून जपानला जातात. कोणी कामाला, कोणी फिरायला. जाण्याआधी विचारतात, ‘सर, कोणत्या महिन्यात कुठं गेलो तर फोटो चांगले येतील? यादी द्या.’ आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्रवासी कंपनी काही चालवली नाही. तरी यादी अवघड नाही. ती आधी देऊन टाकू आणि मग तिच्या पोटात जो खरा प्रश्न आहे, त्याकडे वळू.

तर बघा. जपानमध्ये चेरीचा बहर, ज्याला ते साकुरा म्हणतात, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. दक्षिणेच्या ओकिनावात तो जानेवारीतच दिसतो, टोकियो आणि क्योतोला मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, आणि उत्तरेच्या होक्काइदोला पोचेपर्यंत मे उजाडतो. शरदात याच्या उलट. मेपलची पानं लाल होण्याची लाट उत्तरेकडून निघते आणि दक्षिणेला उतरते. क्योतोत ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असते. जुलैत होक्काइदोच्या फुरानो भागात लॅव्हेंडरची जांभळी शेतं. जानेवारी-फेब्रुवारीत शिराकावा-गो नावाच्या गावात उतरत्या, गवती छपरांची घरं बर्फाखाली गेलेली. ती छपरं नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी दिसतात, म्हणून त्या बांधणीला नावही तसंच पडलं आहे. १९९५ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे.

झाली यादी. आता प्रश्न.

पाच फुलं उमलली की बहर जाहीर

साकुराचा भर एका झाडावर किती दिवस टिकतो? आठवडा, फार तर दहा दिवस. मध्येच वारा-पाऊस आला तर तेवढाही नाही. म्हणून तिथल्या हवामान खात्याने शहराशहरांत नमुन्याची झाडं ठरवून ठेवली आहेत. त्या एका झाडावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली, की त्या शहरात बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं. एका सरकारी खात्याचा माणूस झाडाखाली उभा राहून फुलं मोजतो! आपल्याला हसू येईल. पण त्यामागे एक जुनी सवय आहे. क्योतोच्या बहराच्या नोंदी दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्यांतून अभ्यासकांनी गोळा केल्या, त्या इसवी सन ८१२ पर्यंत मागे जातात. बाराशे वर्षं!

त्यांच्या जुन्या पंचांगात वर्षाचे बहात्तर लहान ऋतू आहेत, प्रत्येक जेमतेम पाच दिवसांचा. कल्पना मूळची चिनी. सतराव्या शतकात ती जपानच्या हवेला जुळवून घेतली गेली. पाच दिवसांचा ऋतू म्हणजे काय, तर पाहणाऱ्याला सांगितलेलं असतं की बाबा रे, सोमवारी जे होतं ते शनिवारी राहणार नाही.

अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी ‘मोनो नो आवारे’ या संकल्पनेला साहित्यविचाराच्या मध्यभागी आणलं. वस्तू पाहताना तिच्या जाण्याचीही जाणीव असणं आणि त्या जाणिवेनं मन हलणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. फूल सुंदर आहे आणि ते गळणार आहे, या दोन गोष्टी तिथे वेगळ्या धरलेल्या नाहीत. आपल्याकडे बौद्धांचा क्षणभंगवाद आहे, तो याचाच तर्कशुद्ध चुलतभाऊ समजा. फक्त आपण त्यावर नैयायिकांशी वाद घातला आणि त्यांनी झाडाखाली सतरंजी अंथरली.

फुजी एकच, चित्रं सेहेचाळीस

आता एक अडचण बघा. जगभरचा प्रवासी जपानला जातो तो बहुतेक त्या एका आठवड्यासाठी. परत येतो आणि म्हणतो, जपान पाहिला. त्याने पाहिला तो जपानचा एप्रिल.

होकुसाई या चित्रकाराने १८३० च्या आसपास फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं काढायला घेतली. मालिका लोकांना इतकी आवडली की आणखी दहा काढली; एकूण सेहेचाळीस ठसाचित्रं झाली. डोंगर एकच. कधी लाटेच्या कमानीखाली एवढासा, कधी पहाटेच्या उन्हात लाल, कधी पिंपवाल्याच्या अर्धवट पिंपातून दिसणारा. यातला खरा फुजी कोणता? सगळे खरे. आणि एकटा कोणताच पुरा नाही.

हे आपल्याला नवीन नाही हो. जैन दर्शनात याला अनेकांतवाद म्हणतात. वस्तूला अनंत धर्म असतात. आपण एका वेळी एका बाजूने पाहतो, त्या पाहण्याला ‘नय’ म्हणतात. नय खोटा नसतो. पण तो नय जेव्हा म्हणतो की ‘मीच काय तो सगळा’, तेव्हा तो ‘दुर्नय’ होतो. छायाचित्र म्हणजे नयाचं फार चांगलं उदाहरण. कॅमेरा एका जागी, एका क्षणी, एका बाजूने उभा असतो. त्याने घेतलेलं चित्र खरंच असतं. फक्त ते चौकटीबाहेरचं आणि आधी-नंतरचं काही सांगत नाही.

हे सगळं इथे दारव्ह्यात कशाला सांगायचं? कारण आपला जिल्हा त्या दुर्नयाचा बळी आहे.

यवतमाळचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत गेली पंचवीस-तीस वर्षं कोणत्या चित्रांबरोबर छापलं गेलं, आठवून पहा. भेगा पडलेली काळी जमीन. ओसाड शेत. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोखाली बसलेली बाई. ही चित्रं खोटी आहेत का? नाहीत. आत्महत्या झाल्या, घरं उघडी पडली, आणि ते जगाला दिसायलाच हवं होतं. पण चित्र काढणारा आला तो बातमीपुरता आला आणि निघून गेला. त्या जमिनीवर मृगात काय होतं, दिवाळीत काय असतं, फाल्गुनात धुरा कसा पेटतो, हे त्याने पाहिलं नाही. मग होतं असं की इथल्याच पोराला वाटायला लागतं, आपल्या गावात फोटो काढण्यासारखं आहे काय? त्याला साकुराचा आठवडा पाठ असतो आणि घरामागचा पळस कधी फुलतो ते सांगता येत नाही.

म्हणून आता दुसरी यादी देतो. ही आपली.

दारव्ह्याच्या आसपासचं एक वर्ष

आपल्याकडे सहा ऋतू आहेत. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चे सर्गही सहा, आणि तो सुरुवात करतो ग्रीष्मापासून, शेवट वसंतावर. पण शेतकऱ्याचं पंचांग त्याहून बारीक आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य… सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि शेतकरी पाऊस त्या मापाने मोजतो. जपान्यांचे बहात्तर ऋतू ऐकून आश्चर्य करण्याआधी आपले सत्तावीस आठवावेत.

मृग लागतो सात-आठ जूनला. पहिल्या सरीनंतर मातीतून मखमली लाल किडा वर येतो, मृगाचा किडा. दोन-चार दिवस दिसतो, मग नाहीसा. मोबाईल जमिनीला टेकवून काढा. काळ्या ओल्या मातीवर तो लाल ठिपका. याच सुमारास आभाळ काळं आणि खाली ऊन, असा उजेड संध्याकाळी दहा मिनिटं पडतो. वर्षातला सगळ्यात चांगला उजेड तोच, आणि त्या दहा मिनिटांत आपण सगळे भज्यांच्या पाठीमागे असतो.

श्रावण-भाद्रपदात उमरखेडच्या बाजूला पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा भरलेला असतो. पलीकडे नांदेड जिल्हा. काळ्या खडकाच्या पायऱ्यांवरून नदी अनेक धारांनी पडते. पाणी फार असलं तर सगळ्या धारा मिळून एकच गढूळ भिंत होते, म्हणून पुराच्या दिवशी जाऊ नये. पाऊस उघडून काही दिवस गेले की धारा वेगळ्या दिसतात, आणि जिवालाही ते बरं. श्रावणाच्या अमावास्येला पोळा. बैलांच्या झुली आणि बाशिंगं सगळेच काढतात. आम्ही म्हणू, सकाळी नाल्यावर बैल धुतात ते काढा. तिथे मिरवणूक नसते, माणूस आणि जनावर एवढंच असतं.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पऱ्हाटीला फुलं येतात. ही गोष्ट फार लोक पाहत नाहीत. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, दुधी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर आजचं दुधी आणि कालचं गुलाबी फूल शेजारी शेजारी. ज्या जिल्ह्याचं सगळं अर्थकारण या झाडावर उभं, त्या जिल्ह्यात किती घरांत या फुलाचा फोटो आहे?

हस्त आणि स्वाती नक्षत्रं उलटली की बोंडं फुटतात. पहिल्या वेचणीच्या आधी काही घरं शेतात सीतादही करतात, पूजा करून मग वेचायला हात लावतात. मग काळ्या जमिनीवर पांढरं शेत. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो. कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. तो सगळ्याचा सरासरी उजेड मध्यम राखड्या रंगावर आणायला बघतो. चौकटीत काळी जमीन जास्त असली की तो चित्र उजळ करतो आणि कापूस नुसता पांढरा डाग होतो, त्याचे धागे जातात. तेव्हा कापसावर बोट दाबून उजेड थोडा उतरवायचा. शिराकावा-गोच्या बर्फात नेमकं उलट होतं. चौकटभर पांढरं असल्यामुळे कॅमेरा बर्फ काळपट करतो, तिथे उजेड चढवावा लागतो. नियम एकच, जमीन वेगळी.

पौषातल्या धुक्याची आणि जवसाच्या निळ्या फुलांची वेळ सकाळची. ऊन चढलं की धुकं जातं आणि जवसाची फुलंही मिटायला लागतात.

आणि मग फाल्गुन. पळस. महाशिवरात्रीच्या आसपास सुरू होतो, होळीला भरात असतो. पानं गळून गेलेली, झाड काळं आणि वर केशरी ज्वाळा. आपल्याकडे तो बागेत कोणी लावलेला नसतो. धुऱ्यावर, नाल्याच्या काठी, पडीत जमिनीत आपोआप असतो. चेरीचं झाड जपानी माणसाने निवडून, कलम करून शहरभर लावलं. पळस आपल्याला न मागता मिळाला, म्हणून बहुधा आपण त्याच्याकडे पाहिलं नाही. सकाळी उन्हाच्या दिशेने तोंड करून झाडाखाली उभे राहा. फुलांतून ऊन आरपार येतं तेव्हा तो रंग कळतो. साळुंक्या आणि शिंजीर मध खायला येतात, त्यांना येऊ द्या.

चैत्रात मोह. फुलं रात्रीतून, पहाटेपर्यंत गळतात; उजाडताना बायका-मुलं टोपली घेऊन झाडाखाली असतात. वैशाखात बहावा पिवळा होतो. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात सागाची पानं गळून जंगल उघडं पडतं, जनावरं पाणवठ्यावर येतात. आणि हो, भेगाळलेली जमीनही याच दिवसांची. ती आमच्या यादीत आहेच. काळ्या मातीची ती जातच आहे, वाळली की आक्रसते, भिजली की फुगते. मृगात त्याच भेगा मिटतात. तो भेगांचा फोटो आणि त्याच जागेचा पंधरा जूनचा फोटो शेजारी ठेवा. पहिल्याचा अर्थ दुसऱ्याशिवाय लागत नाही.

लोणारचा गुलाबी रंग

थोडं लांब जाऊ. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार सगळ्यांना माहीत आहे. उल्कापातानं बेसाल्ट खडकात झालेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर आणि तळाशी खारं पाणी. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं. मोबाईलवर चित्रं फिरली. कोणी शाप म्हटलं, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खारेपणा वाढला होता आणि त्यात गुलाबी रंगद्रव्य असणारे, मिठावर जगणारे सूक्ष्मजीव माजले होते. पाऊस झाला, पाणी वाढलं, रंग ओसरला.

आता ज्याच्याजवळ फक्त जूनचं चित्र आहे त्याला चमत्कार दिसतो. ज्याच्याजवळ बारा महिन्यांची चित्रं आहेत त्याला कारण दिसतं. ऋतुचक्र पाहणं हा सौंदर्याचा छंद आहेच, पण ती कार्यकारणभावाची पहिली शाळाही आहे.

पाहुण्याची रीत

चांगली जागा माहीत झाली की गर्दी होते. फुजीच्या पायथ्याशी फुजिकावागुचिको गाव आहे. तिथे एका दुकानाच्या मागे फुजी उभा दिसतो. तो एकच फोटो काढायला लोक इतके येऊ लागले, रस्त्यात उभे राहू लागले, कचरा टाकू लागले की मे २०२४ मध्ये गावाने अडीच मीटर उंच काळं जाळीचं कापड बांधून तो देखावाच झाकला. गावाने स्वतःचा डोंगर झाकावा, ही काय वेळ आहे बघा.

आपल्या साताऱ्याच्या कास पठाराचंही तसंच. पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं. फुलं येतात ती खडकावरच्या बोटभर मातीत, आणि माणसं फोटोसाठी त्या फुलांत बसायला लागली. म्हणून आता तिथे माणसांची रोजची संख्या ठरवावी लागते. भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात. ते चमकणं म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. तिथे फ्लॅश मारणं म्हणजे दोघांच्या बोलण्यात मध्येच ओरडणं.

माणसांच्या बाबतीत तर आणखी सांभाळावं. वेचणी करणाऱ्या बाईला आधी विचारावं, ‘मावशी, फोटो काढू का?’ नाही म्हणाली तर कॅमेरा खाली. काढला तर तिला दाखवावा, जमलं तर छापून आणून द्यावा. आपण देखावा म्हणून जे पाहतो ते कोणाच्या तरी मजुरीचे तास असतात.

तारीख लिहा

शेवटचं सांगतो. क्योतोचा बहर २०२१ मध्ये २६ मार्चला भरात आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. हे विधान कोणाला करता आलं? ज्यांच्या पूर्वजांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या त्यांना. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वी मृग असा नव्हता. खरंही असेल. पण नैयायिक स्मृतीला प्रमाण मानत नाहीत, कारण ती आधीच्या अनुभवावर उधार जगते. पूर्वी म्हणजे कधी, हे विचारलं की आपण गप्प होतो.

आपल्या शकुंतला रेल्वेचं घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर, दारव्ह्यावरून जाणारी, कापसासाठी इंग्रजी कंपनीने घातलेली अरुंद रुळांची गाडी. १९९४ मध्ये तिचं वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं. आता गाडीही धावत नाही. या गावातल्या किती घरांत त्या गाडीचा फोटो असेल, मागे लग्नाचं वऱ्हाड, खिडकीत कोणाचा मामा. पण मागे तारीख नाही, ऋतू नाही, स्टेशनचं नाव नाही. चित्र आहे आणि साक्ष नाही.

म्हणून तुम्हाला एक काम देतो. एक जागा निवडा. घराजवळची, चालत जाता येईल अशी. एखादा पळस, एक विहीर, नाल्यावरचा पूल. एक दगड ठरवा आणि त्याच दगडावर उभं राहून, त्याच उंचीवरून, महिन्यातून दोनदा फोटो काढा. नक्षत्र बदललं की काढा, म्हणजे लक्षात राहील. खाली तारीख आणि नक्षत्र लिहा. वर्षाला सत्तावीस चित्रं होतील. दहा वर्षांनी ती कोणत्याही कॅलेंडरवरच्या जपानपेक्षा मोलाची असतील.

*(व्याख्यानानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांपैकी दोन.)*

प्रश्न : म्हणजे सर, जपानला जाऊ नये का?

उत्तर : अरे, जरूर जावं! जमलं तर जूनमध्ये जावं. तेव्हा त्यांच्याकडेही पावसाळा असतो, गर्दी कमी असते, हायड्रेंजिया फुलतात, भातशेतं पाण्याने भरलेली असतात. पावसातला जपान पाहिलेला माणूस आमच्या ओळखीत अजून नाही. तू पहिला हो.

प्रश्न : तीच तीच जागा महिन्यातून दोनदा काढायचा कंटाळा नाही येणार?

उत्तर : येईल. चौथ्या-पाचव्या वेळेला नक्की येईल. ‘इथे नवीन काहीच नाही’ असं वाटेल. तेव्हा फोटो न काढता पाच मिनिटं नुसतं उभं राहा. काय बदललं ते शोधा. काहीतरी बदललेलं असतंच. ते सापडलं की मग काढा. आणि फाल्गुन यायचा आहे, पळसाला अजून कळ्याही नाहीत. तेव्हा दगड आजच ठरवून टाका.